पुढचेकर

आडनाव काहीही असो, आमच्या चाळीत त्यांना पुढचेकर म्हणतात. गिरगावात असे हे एकटेच आहेत, असं कुणी समजू नये. दादरला शिवाजी मंदिरात असा एक हमखास असतो, परळला असतो, लालबागला तर मजल्याला एक. पण मी जवळून पाहिले, म्हणजे ज्यांच्या शेजारी बसून निम्मी नाटकं फुकट घालवली, ते आमचेच.

यांचं काम एकच, पुढचं सांगणं. पडदा वर जाऊन नोकर खुर्च्या पुसायला लागला, की आपल्याला कोपर बसलंच. "हा नोकर नाही. सीआयडी." सासूबाई नुसत्या खोकल्या तरी, "दुसऱ्या अंकात फोटोला हार." टीव्हीवर नायिकेला चक्कर आली की डॉक्टरच्या आधी हे पेढे मागतात. 'चार दिवस सासूचे' मालिका तीन हजारांच्या वर भाग चालली. त्यातला एकही भाग त्यांनी काकूंना सुखानं बघू दिला नाही आणि स्वतःही एक चुकवला नाही.

"अहो, एवढं सगळं कळतं तर बघता कशाला?" काकूंनी एकदा विचारलं.

"बरोबर येतंय का, ते नको बघायला?"

दहावीचा पेपर सुटल्यावर जिन्यात उभं राहून उत्तरं ताडून बघणारी मुलं असतात, त्यातला हा प्रकार. एकेक उत्तर जुळलं की चेहरा उजळत जातो. उलट शेवट त्यांना चकवा देऊन गेला तर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा निकाल: "ही फसवणूक आहे. आधी काही सांगितलंच नाही!" एक रहस्यनाटक बघून आल्यावर तर ते तिकिटाचे पैसे परत मागायला निघाले होते.

'तो मी नव्हेच' त्यांनी अकरा वेळा पाहिलं. अत्र्यांचं हे नाटक 1962 साली आलं. फिरता रंगमंच, आणि पाच वेगवेगळ्या सोंगांत प्रभाकर पणशीकर. पिंजऱ्यात उभा असलेला माणूस लखोबा लोखंडेच आहे, हे तिकीट फाडणाऱ्यालाही ठाऊक. मग लोक काय बघायला जात? तो आज कसा नाकारतो, ते. कीर्तनाला बसणाऱ्याला द्रौपदीला वस्त्रं मिळणार हे माहीत नसतं का? बुवा तिला किती ताटकळत ठेवतात, यावर गर्दी ठरते. हे मी पुढचेकरांना कधी बोललो नाही. उगाच ते आणखी चेकाळले असते. फक्त एकदा त्यांचा चेहरा पडलेला पाहिला. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी लखोबाचं वाक्य यांच्याआधी म्हणून टाकलं. त्या दिवशी मध्यंतरातला बटाटेवडा त्यांना गोड लागला नाही.

जगात एकाच गोष्टीवर ते भाकीत करत नाहीत: आमच्या चाळीचा पुनर्विकास. तिथं त्यांनी हात टेकलेत.

तर यांचा नातू परळच्या टॉवरात राहतो, रविवारी इकडे येतो. येताना लॅपटॉप आणतो आणि त्यात जपानी चित्रं लावतो.

"एवढा घोडा झालास आणि कार्टून बघतोस?"

"आबा, कार्टून नाही, अॅनिमे. तुम्हीपण बघितलंय. दूरदर्शनवरचं 'जंगल बुक' जपानीच होतं."

पुढचेकर उडालेच. 1993 साली दर रविवारी मुलाला मांडीवर घेऊन, शेरखान मरणार हे पहिल्याच भागात जाहीर करून, केवळ नाना पाटेकरचा आवाज ऐकायला त्यांनी ती मालिका शेवटपर्यंत पाहिली होती. "मोगली जपानी? अरे, किपलिंग जन्मला आपल्या जेजेच्या आवारात! इथून चालत जाशील!" मोगली गिरगावकर असल्याचं असं सिद्ध झाल्यावर, त्याच्या जपानी नातलगांकडे एकदा बघायला त्यांची हरकत राहिली नाही.

नातवानं 'डेमन स्लेयर'चा 'मुगेन ट्रेन' लावला. (ज्यांना शेवट ऐकायचा नाही त्यांनी इथं थांबावं. पुढचेकरांच्या शेजारी ही सोय नसते.) आगगाडीत रेंगोकु नावाचा तलवारबहाद्दर डब्यामागून डबा संपवतो आणि घासाघासाला "उमाई!" ओरडतो, म्हणजे चविष्ट. "जेवणाला नावं ठेवत नाही. चांगला माणूस," पुढचेकर म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे हा जाणार."

"आबा, स्पॉयलर नको ना!" नातू कळवळला. हा सिनेमा तो चौथ्यांदा बघत होता.

पुढं लढाई जुंपली. राक्षसाची मूठ रेंगोकुच्या पोटातून आरपार गेली, आणि चित्र एकदम मागं सरकून त्याच्या लहानपणात गेलं. आजारी आई, समोर बसलेला मुलगा.

"आई दिसली," पुढचेकर म्हणाले. "संपलं."

उत्तर जुळलं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तो नेहमीसारखा उजळलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, बनियनचं टोक धरून काचा पुसायला लागले. अर्धा मिनिट एकच काच. शेवटी पहाट होते, तो आईला विचारतो, मी नीट केलं ना? आणि ती हसते. तेव्हा चष्मा हातातच होता.

"आत कांदा चिरताय का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून दरडावलं.

"वाटाणे सोलतेय," काकू म्हणाल्या.

पुढल्या रविवारी मी मुद्दाम डोकावलो. तोच सिनेमा, तीच आगगाडी. या खेपेला काकूंना हाताला धरून पुढं बसवलं होतं. वाटाण्याची परात त्यांच्या मांडीवर. लढाई रंगात आली होती. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायची संधी मला दिसली. मी खाकरलो, म्हटलं, "काका, आता बघा हं, तो—"

पुढचेकरांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"गप्प बस. आई येतेय."