म्हैसूरहून शिखरे सर करण्याची शास्त्रोक्त पद्धत

वार्षिक परीक्षा संपल्या की पुणे, सांगली, बेळगावची भाचरे म्हैसूरला मामाकडे उतरतात. राजवाडा होतो, प्राणिसंग्रहालय होते, वृंदावनातली कारंजी होतात आणि सुट्टी मात्र तशीच शिल्लक राहते. पूर्वी अशा वेळी पत्त्यांचा कॅट बाहेर निघत असे. आता मुलांना पोचवायला आलेले आणि नुकतेच ट्रेकिंगचे बूट घेतलेले भावोजी चॅलेंज जाहीर करतात. सुट्टी संपायच्या आत परिसरातली सहा शिखरे सर करायची, प्रत्येकावर फोटो काढायचा, शेवटी सर्वांना प्रमाणपत्र. प्रमाणपत्र मामाच्याच प्रिंटरवर निघणार असल्याने ते मिळण्याबद्दल शंका बाळगू नये. अशा कुटुंबांच्या सोयीसाठी ही पद्धत येथे दिली आहे.

सुरुवात डोंगरापासून करू नये, यादीपासून करावी. स्कॉटलंडच्या सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये आपल्या देशातल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांची यादी छापली. आज तिच्यात २८२ शिखरे आहेत आणि ती सगळी चढण्यात लोक अर्धे आयुष्य घालवतात. खुद्द मन्रो १९१९ मध्ये वारले तेव्हा त्यांची स्वतःची यादी अपुरीच होती. ती सर्वांत आधी पुरी करण्याचा मान १९०१ साली ए. ई. रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याने घेतला, असे मानले जाते. अमेरिकेतल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतात चार हजार फुटांवरची ४६ शिखरे ठरली होती. पुढच्या मोजणीत त्यांतली चार कमी भरली. यादी ४६ चीच राहिली. नवशिक्याने यातून एवढे समजून घ्यावे की यादी करणाऱ्यावर ती पुरी करण्याचे बंधन नसते आणि एकदा छापलेल्या यादीपुढे समुद्रसपाटीचेही काही चालत नाही.

म्हैसूरच्या यादीत चामुंडी, श्रवणबेळगोळची विंध्यगिरी, मेलकोटे, बिळिगिरीरंगन बेट्ट, हिमवद गोपालस्वामी बेट्ट आणि निलगिरीतला दोड्डबेट्ट अशी सहा नावे घ्यावीत. जाणकार येथे कुमार पर्वत आणि ताडियांडमोल का नाहीत, असे विचारतील. तीही घ्यावीत, पण शेवटी. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने वनखाते जंगलातल्या पुष्कळ वाटा बंद ठेवते. शिवाय जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या जोडसुट्टीत कुमार पर्वताच्या वाटेवर एवढी गर्दी लोटली की सरकारने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटांवरचे ट्रेकिंग काही काळ थांबवले. म्हणून या दोन नावांपुढे ‘वनखात्यामुळे बाकी’ असा शेरा मारावा. उन्हाळी चॅलेंजमध्ये उन्हाळ्यात बंद असणारी एकदोन शिखरे हवीतच, त्यांनी यादीला वजन येते आणि पायांना येत नाही.

उंची नेहमी समुद्रसपाटीपासून सांगावी. चामुंडी सुमारे १,०६० मीटर आहे, हे भावोजींनी पुण्याला फोनवर सांगताना खोटे काहीच नसते. म्हैसूर शहर स्वतःच सुमारे ७६० मीटरवर बसलेले आहे, हे त्यात येत नाही इतकेच. उरलेल्या तीनशे मीटरसाठी हजारावर पायऱ्या आहेत. त्या सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांच्या काळात बांधल्या गेल्या आणि वाटेत, सातशेव्या पायरीच्या आसपास, एकाच पाषाणातला भला मोठा नंदी बसवला गेला. नंदीपर्यंत आता डांबरी रस्ताही जातो. गाडी तेथे लावून उरलेल्या तीनशे पायऱ्या चढाव्यात आणि देवळाशी पोचल्यावर जरा जास्त धापा टाकाव्यात. पाहणाऱ्याला आपण कुठून सुरुवात केली ते कळत नाही.

पायऱ्यांवर पहाटे जी मंडळी भेटतात त्यांच्याकडे मात्र फार पाहू नये, उत्साह जातो. एखादी बाई प्रत्येक पायरीला हळदकुंकू लावत, प्रत्येक पायरीशी वाकत वर जात असते. तिचा नवस असतो, फोनमध्ये पावले मोजणारे ॲप नसते. साठीपुढचे म्हैसूरकर रोजचा व्यायाम म्हणून चढून उतरून कामाला लागतात. या लोकांनी चॅलेंजमध्ये नावच नोंदवलेले नसल्याने ते स्पर्धेबाहेर आहेत, असे मुलांना समजावून सांगावे. या टेकडीवर रोपवे करण्याचा प्रस्ताव आला होता, तो लोकांच्या विरोधामुळे बारगळला. भावोजींनी या विषयावर मत देण्यापूर्वी आपण नंदीपर्यंत कसे आलो ते आठवावे.

माथ्यावरून श्रीरंगपट्टणाची दिशा मुलांना दाखवावी आणि विल्यम लॅम्बटनची गोष्ट सांगावी. ही गोष्ट लांबते, पण सावलीत बसायला निमित्त होते. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत हा इंग्रज अधिकारी एका रात्री तुकडीबरोबर चालला होता. ताऱ्यांकडे पाहून त्याच्या ध्यानात आले की सैन्य भलत्याच दिशेने, थेट टिपूच्या फौजेकडे निघाले आहे. त्याने ते वरिष्ठांना सांगितले आणि तुकडी वाचली. टिपू पडल्यावर याच गृहस्थाने हिंदुस्थान मोजण्याची कल्पना मांडली आणि १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला हात घातला. पुढची वीस वर्षे लॅम्बटन टेकड्या चढत राहिला. त्याचा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता आणि तोही बरोबर चढत असे. टेकडी नसेल तेथे देवळाचे गोपुर वापरत. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि ते यंत्र आपटले. लॅम्बटनने ते स्वतः खपून दुरुस्त केले. प्रत्येक माथ्यावर त्याचे काम एकच असे, ते म्हणजे पुढचा माथा दिसतो का हे पाहणे. आजचा आरोहकही माथ्यावर पोचताच काहीतरी शोधू लागतो, फक्त ते मोबाइलचे नेटवर्क असते. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर तेथेच आहे. सगळी यादी पुरी होण्याआधी गेलेला हा दुसरा, हे मुलांच्या लक्षात आले तर आले.

सामानाबाबत मराठी आरोहकाने कुणाचा सल्ला घेऊ नये, त्याला परंपरा आहे. मे १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसची फौज उपासमारीने टेकीला येऊन श्रीरंगपट्टणाहून माघारी फिरली, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी सैन्ये तिला येऊन मिळाली. त्या छावणीचा बाजार पाहून इंग्रज थक्क झाले. विलायती बनात, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, जडजवाहीर, गुरेढोरे, कोकणची सुकी मासळीसुद्धा तेथे विकायला होती. भाव अर्थात चढे होते. त्याच न्यायाने मामीने पिशवीत चकल्या, थर्मास, चटई, बाम, बेडशीट आणि ‘असू दे’ म्हणून एक कुकर घेतला तर तो वारसा समजावा. तिने घेतलेले पदार्थ तसेच परत येतात, कारण प्रत्येक टेकडीखाली चुरमुरी, मीठतिखट लावलेली काकडी आणि मजिगे मिळतेच. ताकाला मजिगे म्हणायला दुसऱ्या शिखरापर्यंत सर्वांना येते.

मेलकोट्याला योगनृसिंहाच्या टेकडीवर चढावे आणि खाली येऊन पुळियोगरे खावे. क्रम उलटा केल्यास टेकडी राहून जाते. याच परिसरात मोती तलावाजवळ, चिनकुरळीला, मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठ्यांनी हैदरअलीचा पराभव केला. तेथे भावोजींना स्फुरण चढणे स्वाभाविक आहे. त्या विजयानंतर आपल्याच फौजेने मेलकोट्याचे देऊळ लुटले, हे भाच्यांपैकी कुणीतरी फोनवर वाचून दाखवते. अशा वेळी पुळियोगऱ्याचा दुसरा द्रोण मागवावा. पुढे याच देवळाला टिपूने मोठा नगारा दिला, हेही त्याच भाच्याला सापडते. त्याचा फोन पुढच्या शिखराला मामीकडे ठेवायला लावावा.

यानंतर पादत्राणांचा अवघड विषय. भावोजींनी बुटांवर बराच खर्च केलेला असतो आणि यादीतले विंध्यगिरी शिखर अनवाणी चढायचे असते. कातळात कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या एप्रिलच्या दुपारी तव्यासारख्या तापतात. मोजे चालतात, म्हणून पायथ्याशी मोजेवाले असतात. ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले आहेत. डोलीतून गेल्यास शिखर सर झाले की नाही, याचा निर्णय डोली उचलणाऱ्यांना विचारून करावा. वर सुमारे इ.स. ९८१ मधला, गंग राजांचा सेनापती चावुंडराय याने घडवलेला ५७ फुटी गोम्मटेश्वर उभा आहे. दर बारा वर्षांनी महामस्तकाभिषेकाला त्याच्या डोक्याशी पोचण्यासाठी मोठी परांची उभारतात. मागचा अभिषेक २०१८ मध्ये झाला, म्हणजे हे शिखराच्या वरचे शिखर २०३० पर्यंत बंद आहे. त्यापुढेही ‘बाकी’ लिहावे.

गोम्मटेश्वराच्या पायाशी मराठी शिलालेख आहे. पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पुस्तकांनी तो मराठीतला पहिला म्हणून शिकवला. आता रायगड जिल्ह्यातला शके ९३४ चा अक्षीचा लेख त्याच्या आधीचा मानला जातो. तरी मराठी आरोहकाने तेथे पाच मिनिटे थांबून अक्षरे लावण्याचा प्रयत्न करावाच. साऱ्या चॅलेंजमध्ये फुकट, सावकाश आणि खरोखर कष्टाचे असे एवढेच एक काम आहे, आणि ते करताना कुणी फारसे दिसत नाही.

पादत्राणांच्या बाबतीत बिळिगिरीरंगन बेट्टावर नेमके उलटे आहे. तेथे भक्त रंगनाथाला मोठाल्या चामडी वहाणा अर्पण करतात. देव त्या घालून रानात फिरतो आणि झिजवतो, अशी श्रद्धा आहे. भावोजींना हा देव आपला वाटेल. हे रान सोलिग आदिवासींचे. २०११ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झाले आणि त्याच वर्षी सोलिगांचे वनहक्कही मान्य झाले. अशा प्रकल्पात राहणाऱ्यांना हक्क मिळाल्याचे हे गाजलेले उदाहरण आहे. त्याआधी संशोधकांना बरोबर घेऊन सोलिगांनी आपली शेकडो पवित्र स्थळे नकाशावर नोंदवली होती. त्यांत झाडे आहेत, झरे आहेत, खडक आहेत. तीही एक यादीच आहे, फक्त तिच्यातल्या जागा कुणी ‘पूर्ण’ करत नाही. प्रमाणपत्रावर ही माहिती मावत नाही, तरी मुलांना सांगायला हरकत नाही.

हिमवद गोपालस्वामी बेट्ट सुमारे १,४५० मीटर उंच आहे आणि तेथे चढायची पद्धत अशी की तिकीट काढावे. बेट्ट बंदीपूरच्या वाघ-हत्तींच्या जंगलात असल्याने खासगी गाडी पायथ्याशी राहते आणि कर्नाटक परिवहनची बस वर नेते. येथे आरोहकाचे कसब दिसते ते बसच्या रांगेत. खिडकीची जागा मिळवणाऱ्याच्या नावाची यादीत वेगळी नोंद करावी. वर धुके असते, फोटोत काहीच येत नाही आणि घरी तो फोटो हिमालयातला म्हणूनही चालतो.

सर्वांत उंच शिखर शेवटी घ्यावे. दोड्डबेट्ट २,६३७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळजवळ हजार मीटर अधिक. भावोजींनी गेली अनेक वर्षे कळसूबाईच्या शिड्यांचे वर्णन केलेले असते, त्यामुळे हा आकडा त्यांना आधी सांगू नये. दोड्डबेट्टावर मोटार थेट माथ्यापर्यंत जाते. त्यामुळे तयारी पायांची नव्हे, कागदपत्रांची करावी लागते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून निलगिरीत येणाऱ्या वाहनांना ई-पास लागतो. तो मामीने आदल्या रात्री काढावा, कारण मामा पासवर्ड विसरलेला असतो. परतताना बंदीपूरच्या जंगलातून रस्ता आहे आणि २००९ पासून तो रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतो. भावोजी उटीला चहा-चॉकलेटच्या दुकानात रेंगाळतात, म्हणून निघण्याची वेळ त्यांना एक तास अलीकडची सांगावी. एवढे करूनही फाटकाशी पोचायला नऊ वाजून गेले, तर वाद न घालता गुडलूरला खोली शोधावी आणि भाडे चॅलेंजच्या संयोजकांनी भरावे.