फोन आपला, कुलूप कंपनीचं

2008 साली अमेरिकेत आयफोन 3जी आला आणि 399 डॉलरचा फोन 199 वर उतरला. दुकानांपुढे रांगा लागल्या. अट एवढीच, की एटी अँड टी या मोबाइल कंपनीशी दोन वर्षांचा करार करायचा. त्यात इंटरनेटचा मासिक दर 20 डॉलरवरून 30 झालेला. म्हणजे किमतीत 200 वाचले, बिलात 240 गेले. पण दोन वर्षांची बेरीज करत रांगेत कोण उभं राहतं?

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो एअरटेल आणि व्होडाफोनमार्फत भारतात अवतरला. किंमत 31 हजार रुपये, सवलतीचं नावही नाही. तरी फोनला कंपनीचं कुलूप होतंच, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालायचं नाही! फ्लॅटचे पूर्ण पैसे मोजावेत आणि किल्ली बिल्डरनंच खिशात घालावी, तसला व्यवहार. मुंबईच्या ग्रे मार्केटात तोवर कुलूप तोडलेले आयफोन मिळतही होते.

अमेरिकेत तर जानेवारी 2013 पासून नव्या फोनचं कुलूप कंपनीच्या परवानगीविना उघडणं कॉपीराइट कायद्याविरुद्ध ठरलं, करार संपला असला तरीही. लाखावर लोकांनी अर्जावर सह्या केल्या, संसदेत विधेयक आलं आणि ऑगस्ट 2014 मध्ये स्वतःचा फोन उघडण्यासाठी थेट राष्ट्राध्यक्ष ओबामांची सही लागली.