चौकटीतून काय पुसावे

छायाचित्रात डिजिटल फेरफार किती चालतो, हा प्रश्न कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात चांगला अभ्यासता येतो. उजेड कमीजास्त करणे सर्वमान्य आहे. तिथल्या काळी व्याघ्र प्रकल्पातला काळा बिबट्या तर त्यावाचून दिसतच नाही. मूळ चित्रात दोन डोळे आणि बाकी अमावस्या. सावल्या उजळल्या की अंगावरचे ठिपके उमटतात, कारण ही वेगळी जात नव्हे, काळे रंगद्रव्य वाढलेला नेहमीचाच बिबट्या. पण ठिपके दिसले की तो पुरेसा काळा वाटत नाही. म्हणून सत्याच्या हितासाठी ते पुन्हा बुजवावेत.

पुसणे ही पुढची पायरी. धनेशासमोरची आडवी फांदी, विजेची तार, शेजारची जीप काढणे हे स्वच्छतेचेच काम. परदेशात याबाबत नको तितके सोवळे पाळतात: 2015च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत अंतिम फेरीच्या उंबरठ्यावरची सुमारे 20 टक्के चित्रे फेरफारामुळे बाद झाली.

पुसण्याचा सर्वोत्तम नमुना मात्र संगणकाविना साधलेला आहे. तालुक्याचे जुने मुख्य ठिकाण असलेले सुपे गाव काळी नदीवरच्या धरणात गेले. घरे, वाटा, अंगणे निघाली. त्या जागी निळे पाणी आणि ढगांचे प्रतिबिंब आले. काम इतके सफाईदार की जोड कुठे दिसत नाही. पर्यटक त्या पाण्याचा फोटो काढतात आणि खाली अभिमानाने लिहितात: फिल्टर वापरलेला नाही.