फरशी तुमची, धूळ आमची

कर्नाटकातल्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात मंत्री आला की मागणी ठरलेली: साहेब, आमच्याकडं एखादा कारखाना आणा. औरादची सभा असो की भालकीतलं लग्न, सूर एकच. शेतीत राम राहिला नाही, कारखाना आला की पोरं गावात टिकतील. साहेब मान डोलावतात, हार घेतात, जातात. कारखाने येऊन शंभर वर्षं उलटली, हे मात्र कुणी सांगत नाही.

निजामाच्या राजवटीतच शहाबादला सिमेंट निघू लागलं. पुढं वाडी, मळखेड, सेडम. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांचं मान्यखेट, अमोघवर्षाची राजधानी. आज तिथं खूण विचारली तर लोक सिमेंटच्या चिमणीकडं बोट दाखवतात. कलबुर्गीच्या एमएसके कापड गिरणीचा भोंगा केव्हाच थंडावला. बीदरजवळच्या कोळारला औषधी रसायनांचे कारखाने आले. भोवतालच्या गावांची तक्रार वासाची आणि पाण्याची.

शहाबादी फरशी कुठल्या मराठी घराला ठाऊक नाही? स्वयंपाकाचा ओटा, चाळीचा जिना, एसटी स्टँडाची बाकडी, सगळीकडं तीच. हा दगड थराथरानं निघतो. फटीत छिन्नी धरायची, वर घण, थर सुटला की पहार घालून उचलायचा. दिवसभर उन्हात हेच. खाण संपली की खड्ड्यात पाणी साचतं, काठावर कपच्यांचे ढीग उरतात. फरशी पुण्याला, ढीग गावाला. चुनखडीचा हाच पट्टा दळला-भाजला की सिमेंट. भट्ट्यांवर आता यंत्रं राबतात. कायमच्या नोकऱ्या मोजक्या, गावच्या पोरांना कंत्राटी झाडलोट, लोडिंग, नाहीतर फाटकावरचा पहारा.

म्हणून खरिपाची रास झाली की तांड्यावरची जोडपी पोराबाळांसह हैदराबाद, पुणे, मुंबई गाठतात. वाडीचं पोतं वाघिणीतून पुण्याला उतरतं आणि ते तिसऱ्या मजल्यावर चढवणारा गडीही वाडीच्याच चित्तापूर तालुक्यातला भेटतो. पोत्याला निदान पावती तरी असते. मार्च 2020 च्या टाळेबंदीत शहरांनी दारं लावली, तेव्हा याच गड्यांना आपलं गाव कुठल्या रस्त्यावर येतं ते पायांनी शोधावं लागलं.

दगडाची सोय मात्र कायम चोख. निजामाची रेल्वे वाडीला 1874 साली पोचली. बीदरच्या माणसाला थेट रेल्वेनं कलबुर्गी गाठायला 2017 उजाडलं. घाई कुणाची होती, ते उघड आहे.

हे कारखान्यांचं झालं, आता शेतातल्या तुरीचं ऐका. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, फोटो झाले, पेढे झाले. 2022-23 च्या हंगामात मर रोगानं उभी तूर वाळली. शेतकरी वाळलेलं झाड उपटून साहेबांना दाखवत होता. मानांकनाचा कागद काही मुळाला औषध म्हणून लागत नाही. उरलेल्या तुरीला बरा भाव येईल म्हणावं, तर शहरात डाळ कडाडली की सरकार बंदर उघडतं. 2021 साली तुरीची आयात खुली केली. म्यानमार, मोझांबिकची तूर मुंबईत उतरते आणि आमचा शेतकरी अडतीत भाव विचारत उभा. शहराचं वरण स्वस्त राहिलं पाहिजे, हे धोरण. पिकवणाऱ्यानं काय खावं, हा त्याचा खासगी प्रश्न.

एवढे कारखाने येऊनही 2011 च्या जनगणनेत बीदर जिल्ह्यातली चारांतली तीन माणसं खेड्यातच होती. त्यांच्या नावानं घटनेत हैदराबाद-कर्नाटकच्या खास तरतुदीचं 371 (जे) कलम आलं, 2019 साली या प्रदेशाचं नाव बदलून ‘कल्याण कर्नाटक’ झालं, 2023 साली कलबुर्गीला टेक्स्टाइल पार्क जाहीर झालं. येऊ द्या. फक्त या वेळी आधी हिशेब मागू.

2015 पासून कायदा आहे: खाणवाला सरकारला जी रॉयल्टी भरतो, तिच्यावर जुन्या लीजसाठी आणखी तीस टक्के जिल्हा खनिज निधीत जमा होतात, ते खाणीनं बाधलेल्या गावांसाठी. शहाबाद, वाडी, सेडमकडच्या मंडळींनो, पुढच्या ग्रामसभेत कारखाना मागू नका. आमच्या गावच्या दगडावर किती जमा झाले आणि कुठं खर्च झाले, ते लेखी मागा.