मुलांना उकडीचे मोदक शिकवा, पिठाला हात लावू न देता

भाद्रपद शुद्ध चतुर्थी तोंडावर आली की चांगल्या शिकल्यासवरल्या आईबापांना अचानक साक्षात्कार होतो: आपली परंपरा बुडत चाललीय! घाबरू नका. परंपरा पुढच्या पिढीच्या हाती सोपवणं सोपं आहे. फक्त ते हात मध्ये येऊ द्यायचे नाहीत. नवशिक्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळाव्यात.

१. मुहूर्त गाठा. मे महिन्याच्या सुट्टीत निवांत शिकवायला बसलात, तर पोर खरंच शिकून बसेल. म्हणून चतुर्थीचीच सकाळ धरा. गुरुजी साडेदहाला यायचेत, नऊ वाजून गेलेत, नारळ अजून फोडलेला नाही आणि मोदकपात्राची चाळणी सापडत नाहीये. आता मायेने हाक मारा, "ये गं, आज तुला मोदक शिकवते."

२. प्रमाण सांगू नका. खोबऱ्याच्या साधारण निम्मा गूळ. जेवढी आंबेमोहराची पिठी जवळजवळ तेवढंच पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. एवढ्यात काम भागतं. पण ते सांगून टाकलं तर उद्या तुम्हाला विचारणार कोण? लेकीने "मीठ किती?" विचारलं की "अंदाजाने" म्हणा. "अंदाज म्हणजे किती?" "हाताला कळतं." "कुणाच्या?" इथे दूध उतू चाललंय असं ओरडून आत पळावं.

या बाबतीत आमच्या आजीची वही आदर्श मानावी. तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेल्या पानावर तिने लिहून ठेवलंय: 'गूळ बेताने, पाणी नेहमीप्रमाणे, पुढचे ठाऊक आहेच.' घराणं टिकवायचं ते असं. नाहीतर त्या लक्ष्मीबाई धुरंधर! १९१० साली 'गृहिणी-मित्र'मध्ये एक हजार पाककृती सरळ छापून मोकळ्या झाल्या. पुढे कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा'त वाटी-चमच्याची मापं दिली आणि उरलीसुरली गुपितंही चव्हाट्यावर आणली.

३. मुलाला जबाबदारी द्या. वेलदोडे सोलायला बसवा. वीस मिनिटं शांतता मिळते.

४. संयम शिकवा. गूळ-खोबरं शिजून खमंग वास सुटला, वर जायफळ किसलं, की सारणाची परात पोराच्या नाकापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि सांगा, नैवेद्य आधी चाखायचा नसतो. "मग गोड झालंय की नाही, ते कसं कळणार?" असं विचारेल. प्रश्न रास्त आहे, म्हणून आवाज चढवा.

५. आता कळ्या. उकड गरम असतानाच मळावी लागते, त्यामुळे तेव्हा म्हणा, "लांब हो, भाजेल." निवली की पारी चिरायला लागते, तेव्हा म्हणा, "आता नको, फुकट जाईल." मधला योग्य क्षण साधारण पाऊण मिनिटाचा असतो, तेवढ्यात पोराला हात धुवायला पाठवून द्यावं.

तरीही हटून बसलीच, तर लिंबाएवढा गोळा द्या. शेजारी आजी अंगठा आत आणि दोन बोटं बाहेर धरून, फोन खांद्याला अडकवून, कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची चौकशी करत पंधरा कळ्या पाडत असेल. लेकीच्या पाच पडतील, सहावीला पारी फाटेल आणि सारण खिडकीतून डोकावल्यासारखं बाहेर बघेल. "वा! किती सुंदर कांदा!" असं कौतुक करा. ती पाठमोरी झाली की तोच गोळा मोडून स्वतः वळा.

मोदकांची संख्या एकवीसला कमी पडत असेल तर खणाच्या तळाशी लपवलेला साचा काढा. साचा वाईट असं आपण वर्षभर सांगत आलोय, म्हणून दार लोटून घ्या.

६. फोटो. हळदीच्या पानावर आजीने वळलेले मोदक मांडा, लेकीचा पिठात बुडवलेला हात पुढे धरा आणि 'तिसरी पिढी' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. सनीव्हेलच्या आत्याला भरून येतं. तिच्याकडे तिकडच्या दुकानातले फ्रोझन मोदक असतात.

७. उरलेली उकड. नवशिके नेमके इथे चुकतात. आरती झाली, गुरुजी गेले, जेवणं झाली, म्हणून वामकुक्षीला जाऊ नका. आधी उकडीचं पातेलं नजरेआड करा.

गेल्या वर्षी मी तेवढं विसरले. चार वाजता जाग आली तर ओट्यापाशी स्टुलावर आमची आठ वर्षांची उभी, शेजारी तिची आजी. उकडीत हिरवी मिरची आणि जिरं वाटून घातलेलं. निवगऱ्या चालल्या होत्या. एक बशीएवढी, एक बटणाएवढी, एकीला चक्क शेपूट. आजी हातातली थापटून चाळणीत ठेवत होती आणि शेपटीकडे बघतही नव्हती.

"आजी, मीठ किती घालू?"

"मला काय विचारतेस? चाखून बघ की."