तेरावा रकाना नाही

मधमाशी म्हटले की पोळे, मध आणि महाबळेश्वर एवढेच डोळ्यांपुढे येते. जगातल्या मधमाश्यांच्या सुमारे वीस हजार जातींपैकी बहुसंख्य मात्र पोळे बांधत नाहीत की मध साठवत नाहीत; जमिनीत बीळ करून एकेकट्या राहतात. सातारा-सांगलीच्या शिवारात त्या बांधावर, ओढ्याच्या दरडीत, पायवाटेच्या कडेला असतात. मध देणाऱ्या मधमाशीसाठी महाबळेश्वरात मध संचालनालय आहे आणि २०२२ साली त्याच तालुक्यातले मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले. बिळातली माशी मध देत नाही. त्यामुळे तिच्या वाट्याला संचालक सोडाच, साधा कारकूनही आलेला नाही.

काम मात्र तिच्याकडे आहे. कृष्णाकाठच्या वांग्याची ख्याती सर्वांना ठाऊक. त्याच्या फुलाचा हट्ट फार थोड्यांना. वांग्याचा पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो, आणि त्यासाठी फूल थरथरवावे लागते. पेटीतल्या मधमाशीला ही कला येत नाही. निळ्या पट्ट्यांची अमेगिला माशी फुलाला कवटाळते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग अंगावर पाडून घेते. मग ती दरडीतल्या किंवा जुन्या मातीच्या भिंतीतल्या बिळाकडे वळते. तोंडाने माती कोरून केलेल्या एकेका कप्प्याला आतून लेप देते, पराग आणि मकरंदाचा गोळा ठेवते, त्यावर एक अंडे घालते आणि तोंड बुजवते. आयुष्यात असे मोजकेच कप्पे होतात. पोळ्यातली राणी हजारोंनी अंडी घालते, म्हणून तिथले नुकसान भरून निघते; इथे एक आई गेली की तिचा वंशच थांबला.

त्याच मातीत हुमणीही राहते. उसाची मुळे कुरतडणाऱ्या या अळीने कृष्णा-वारणा काठ जेरीस आणला आहे, आणि शेतकऱ्याचा राग रास्त आहे. पूर्वी तिच्यावर फोरेट टाकत. ३१ डिसेंबर २०२० पासून ते बंद झाले, आता फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिडची आळवणी होते. इमिडाक्लोप्रिड जमिनीत निम्मे व्हायला परिस्थितीप्रमाणे काही आठवड्यांपासून वर्षाहून अधिक काळ लागतो. बीजप्रक्रियेतही हाच प्रकार: बियाण्याला चोळलेल्या अशा औषधापैकी साधारण पाच टक्केच रोपात चढते, बाकीचे बहुतेक मातीच्या खात्यावर जमा. माती कोरणाऱ्या माशीच्या तोंडाला आणि अंगाला ते लागते, कप्प्यातल्या अळीच्या भोवती राहते.

कीटकनाशकाची नोंदणी १९६८ च्या कायद्याखाली होते, आणि मधमाशीवरचा परिणाम तपासावा लागतोच. तपासणीला बसते पेटीतली मधमाशी, जिने जन्मात माती उकरलेली नाही. परीक्षा एकीने द्यायची, निकाल दुसरीला लावायचा, असा हा सोयीचा कारभार. पुढे सल्लाही तयार असतो: औषध संध्याकाळी मारा, तेव्हा मधमाश्या घरी परतलेल्या असतात. बिळातल्या माशीच्या बाबतीत सल्ला तंतोतंत खरा आहे. ती घरीच असते, आणि घर त्याच रानात असते.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी भोपळ्याच्या शेतात नेमके हेच तपासले. लागवडीच्या वेळी जमिनीत इमिडाक्लोप्रिड दिलेल्या ठिकाणी भोपळ्यावरच्या माश्यांनी ८५ टक्के कमी बिळे केली आणि पिल्ले ८९ टक्के कमी झाली. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. युरोपने तर २०१८ मध्येच इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड औषधे उघड्या शेतातून हद्दपार केली होती.

युरोपचे नाव काढले की तासगावचा द्राक्ष बागायतदार सावरून बसतो. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे तिकडच्या बंदरांवर अडली. तेव्हापासून एक्स्पोर्टच्या मालाचा रेसिड्यू रिपोर्ट कुंडलीपेक्षा बारकाईने वाचला जातो. घड ज्या मातीत पिकला तिचे काय? तिच्यासाठी २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका आहे. तिच्यात बारा रकाने: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. कीटकनाशकाच्या अंशाचा तेरावा रकाना नाही. त्यामुळे कागदोपत्री मातीची प्रकृती ठणठणीत राहते.

उपाय नाहीत असे नाही. मेटारायझियम ही बुरशी हुमणीला रोगी करते. काही बांध न नांगरता, न फवारता ठेवले तर माशीला जागा उरते. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगे संध्याकाळी कडूनिंबावर आणि बाभळीवर जमतात; फांद्या हलवून ते गोळा करता येतात किंवा प्रकाश सापळ्यात पकडता येतात. अडचण एवढीच की एकट्याने गोळा करून भागत नाही, शेजारच्या रानातले भुंगे बांध ओलांडून येतात. त्यासाठी सगळे गाव एका संध्याकाळी एका कामाला लागावे लागते, आणि तसा योग पाच वर्षांतून एकदा, मतमोजणीच्या दिवशी येतो. औषधाचा डबा मात्र कृषी सेवा केंद्रात कुणालाही, कधीही, उधारीवर मिळतो.