हँडल कुणाच्या हाती?

(रंगमंचावर एकच खुर्ची. काका येतात. हेल्मेट कोपराला अडकवलेलं.)

क्रांती चौकातनं येतोय. सिग्नलवर पाचाचा आकडा दिसला, की आपलं गाव सुटतं. हिरवा होईपर्यंत थांबला तो बाहेरगावचा! उजवीकडून रिक्षा, डावीकडून राँग साइडनं बुलेट, मधून मी. मान वाकडी, कानाला मोबाईल. भीती? हॅट्!

पण परवा जावयानं मुंबईच्या विमानाचं तिकीट काढून दिलं. (खुर्चीत बसतात, दोन्ही हात घट्ट आवळतात.) जरा कुठं घरघर झाली, की माझी रामरक्षा सुरू. शेजारचा म्हणतो, "काका, अजून जागेवरच उभंय."

तेवढ्यात विमानातली ताई दाखवायला लागली. विमान पाण्यात उतरलं तर हे जॅकेट, ही शिट्टी. म्हटलं, ताई, आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. विमान बुडेल एवढं पाणी इथं सापडलं, तर शिट्टी कसली, बँड लावू!

(उठतात. आवाज खाली.) भीती उगाच नाही म्हणा. २६ एप्रिल १९९३. आपल्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं. ५५ माणसं गेली. जुन्या माणसांना तो दिवस अजून आठवतो.

आणि रस्त्यावर? २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं गेली. दिवसाला साडेचारशेच्या वर. भरलेली अडीच विमानं, रोज! विमान पडलं की चौकशी बसते. स्कूटर पडली की, "दिसत नाही का बे?" झाली चौकशी!

मग भीती विमानाचीच का? तिथं हँडल आपल्या हातात नाही ना! इथं आहे. (थांबून) म्हणजे, एका हातात. दुसऱ्यात मोबाईल.

उतरलो मुंबईला. बाहेर आमचा पायलट गाडीत बसत होता. बसला मागं, आणि बसल्या बसल्या पट्टा लावला! मागच्या शिटावर! अहो, आपण पुढं बसलो तरी पोलीस दिसला तरच पट्टा छातीवर धरतो, तोही नुसता!

(कपाळाला हात लावून) म्हटलं, देवा... एवढ्या भित्र्या माणसाच्या हातात विमान दिलं होतं?

(अंधार.)